पाण्यातली खुंटी

“मुंग्या आल्यासारखं वाटलं की सांगा,” असं म्हणून तिनं पाण्यात भिजवलेला स्पंज माझ्या डाव्या नडगीवर ठेवला, त्यावर रबरी पट्टी बांधली आणि यंत्राचा नॉब हळूहळू फिरवायला लागली.

“विजेलाही ओल लागते वाटतं,” मी म्हणालो. तोंड अजून वाकडं होतं, त्यामुळे शब्दही ओलेच बाहेर पडले.

“कोरड्या कातडीतून ती नीट जात नाही. मग चटका बसतो.”

“म्हणजे माझ्याच धंद्यातली आहे.”

तिला काही कळलं नाही. मुंग्या आल्या. आणि मग, अर्धांगाचा झटका आल्यापासून ओल्या पोत्यासारखं लोंबणारं माझं पाऊल आपण होऊन वर आलं. टाच तिथंच राहिली, चवडा वर आला, बोटं आढ्याकडे बघायला लागली. मी त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचं तरी पाऊल असल्यासारखा बघत होतो. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या सुमतीनं, माझ्या बायकोनं, उठून हात जोडले. यंत्राला जोडले की त्या मुलीला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“उचललं की मी,” मी म्हणालो.

“तुम्ही नाही गुरुजी, करंटनं उचललं. आता करंट बंद केलाय. आता तुम्ही उचला.”

मी उचललं. खांदा वर गेला, भुवया वर गेल्या, दातावर दात बसले. पाऊल जागचं हललं नाही. तिनं नडगीच्या स्नायूवर बोट ठेवलं होतं.

“शून्य,” ती म्हणाली.

“कितीपैकी?”

“पाचपैकी. स्नायूच्या ताकदीला आम्ही पाचपैकी मार्क देतो.”

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी जन्मभर मुलांचे पेपर तपासले, पण शून्य कुणाला दिलं नाही. “नाव नीट लिहिलं असेल तरी मी अर्धा मार्क द्यायचो,” मी म्हणालो.

“पायाला नाव लिहिता येत नाही ना.”

हे ती न हसता म्हणाली, आणि तेव्हाच ती मला आवडली. रेवती बंडगर तिचं नाव. जत तालुक्यातल्या कोरड्या गावातली, नुकतीच शिकून आमच्या तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीचं छोटं केंद्र काढलेली. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण त्या पावलाचं महत्त्व कळायला आधी आमची विहीर कळायला हवी.

गावाबाहेर रंगराव थोरातांची दगडी विहीर आहे. उजव्या भिंतीला लागून पायऱ्या उतरतात. शेजारच्या कालव्याच्या पाझरामुळे ऐन उन्हाळ्यातही पाणी ठरलेल्या पायरीपर्यंत असतं. त्या पायरीजवळ भिंतीत एक लोखंडी कडी आहे. वार्षिक परीक्षा संपली की मी त्या पायरीवर बसायचो. उजव्या हातानं कडी धरायची, उजवा पाय खालच्या पायरीला रेटायचा आणि डावा पाय पाण्यात लांब सोडायचा. पाऊल वर वळवायचं. ते भिंतीतल्या खुंटीसारखं ताठ उभं राहतं. नवीन पोर ती खुंटी धरून पाय मारायला शिकतं. पाऊल खाली पडलेलं असलं तर ओल्या पायावरून बोटं निसटतात. गावातली निम्मी माणसं माझं डावं पाऊल धरून पोहायला शिकलेली आहेत. त्यांत एक सरपंच आणि एक तलाठी आहे. दोघंही पाणी प्यायले होते.

पोरांच्या पाठीला मी तेलाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा बांधायचो. डबा तरंगतो आणि पोराला तरंगवतो. माझी युक्ती अशी, की पोर तयार व्हायला लागलं की त्याच्या नकळत मी डब्यात तांब्याभर पाणी घालायचो. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. शेवटी डबा पाण्यानं गच्च भरलेला असायचा आणि पोर ‘डबा आहे ना’ म्हणून बिनधास्त विहिरीच्या मध्यावर जाऊन यायचं. मग वर आल्यावर त्याच्यासमोर डबा उलटा करायचा. त्या वेळचा पोराचा चेहरा बघायला मी दरवर्षी उन्हाळ्याची वाट बघायचो.

माघात झटका आला आणि डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर रंगराव भेटायला आला. बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला.

“बोल की,” मी म्हणालो.

“गुरुजी, तुमी पायरीवर असायचा तवर मला घोर नव्हता. आता सुट्टी लागंल, पोरं काय ऐकायची न्हाईत. कोण बुडालं-बिडालं तर? मी म्हंतो, वरनं लोखंडी जाळी टाकावी.”

“पुन्हा कधी काढणार?”

“टाकल्याली जाळी कोण काढतंय?” तो म्हणाला. त्याचं खरं होतं. “सुट्टी लागूस्तवर थांबतो. तवर तुमचं पाऊल उभं ऱ्हायलं तर बघू.”

म्हणजे मला सुट्टीच्या आत खुंटी उभी करायची होती.

*

मग एसटीनं तालुक्याच्या गावी जाणं सुरू झालं. कंडक्टर माझाच विद्यार्थी. मी कमरेतून पाय फेकत, काठी टेकत चढेपर्यंत तो बेल द्यायचा नाही.

रेवतीचं काम ठरलेलं असायचं. स्पंज, पट्टी, नॉब. मग ती “उचला” म्हणायची आणि यंत्राला जोडलेलं हातातलं बटण दाबायची. पाऊल वर यायचं.

“नुसतं बघत बसू नका,” ती मला रागवायची. “यंत्र उचलतंय म्हणून तुम्ही सुट्टी घेऊ नका. मी ‘उचला’ म्हटलं की तुम्हीही उचलायचं. तुमच्या डोक्यातनं निघालेला निरोप आणि करंट, दोघांनी एकत्र पोचलं पाहिजे.”

“निरोप निघतोय. वाटेत कुठंतरी चहाला थांबतोय.”

“मग रोज पाठवा. रस्ता पाठ होईल.”

तिला मी विहिरीबद्दल सांगितलं. डब्याची युक्तीही सांगितली. ती हातातलं काम थांबवून ऐकत राहिली.

“आमच्याकडं पाणी टँकरनं यायचं,” ती म्हणाली. “मी गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेले नाही. खोल पाणी दिसलं की मी लांबूनच वळते.”

“माझं पाऊल उभं कर. तुला पोहायला शिकवतो.”

“ठरलं,” ती म्हणाली. “पण माझ्या डब्यात पाणी घालायचं नाही.”

“आणि तू माझा करंट गुपचूप कमी करायचा नाहीस. फसवणाऱ्याला फसवता येत नाही, सांगून ठेवतो.”

त्या दिवसापासून मी तिच्या नॉबवर पहारा ठेवला. आज ना उद्या ती नॉब मागं फिरवणार, मला न सांगता, आणि पाऊल आपसूक वर येत राहणार, ही माझी खात्री होती. मीही तेच केलं असतं. मी तिच्या बोटांकडे डोळे लावून बसायचो. पण नॉब मागं जाईना. उलट दर आठवड्याला तो एखाद्या खुणेनं पुढंच सरकायला लागला.

मला ते बरं वाटलं नाही. मार्क मात्र शून्याचा एक झाला होता.

“एक म्हणजे काय?” मी विचारलं.

“पाऊल हलत नाही, पण बोटाखाली स्नायू फडफडलेला कळतो.”

“मला तर कळला नाही.”

“मला कळला ना. पेपर मी तपासते.”

या मधल्या काळात आणखी एक गोष्ट माझ्या आणि सुमतीच्या लक्षात आली. पोरीचं कामात लक्ष राहिलं नव्हतं. आधी ती “उचला” म्हणायची आणि लगेच बटण दाबायची. आता “उचला” म्हणायची आणि खिडकीबाहेर बघत राहायची. बाहेर एक रसवंतीचं गुऱ्हाळ होतं, बाकी काही नाही. मी इकडे दात खाऊन पाऊल उचलायचा प्रयत्न करतोय, आणि हिचं बटण दाबायचं राहूनच गेलंय. मग एकदम आठवल्यासारखं ती दाबायची.

“लग्न ठरलंय तिचं,” एसटीत सुमती म्हणाली.

“तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? ठरल्यावर तुमची धाकटी बहीण अशीच बघत बसायची. दूध उतू गेलं तरी पत्ता नाही.”

मला ते पटलं. तरुण पोर आहे, असू दे म्हटलं.

*

परीक्षा सुरू झाल्या त्या आठवड्यात नॉब पुन्हा पुढं सरकला. मी घरी आलो. सुमतीनं ताट वाढलं, ते तसंच राहिलं.

“काय झालं?”

“डबा रोज मोठा करावा लागतोय,” मी म्हणालो.

“कसला डबा?”

“ज्या पोराला पोहायला यायला लागतं, त्याचा डबा आपण कमी करतो. माझा वाढवतेय ती. पहिल्या दिवशी होता त्याच्या दुप्पट करंट लागतो आता. म्हणजे पाय उलट मागं चाललाय, आणि मला बरं वाटावं म्हणून ती एक मार्क देतेय. मी नाव लिहिल्याबद्दल द्यायचो ना, तसाच.”

“तिला विचारलं का?”

“विचारून काय? मी पोरांना खरं सांगायचो का?”

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. रंगरावला बोलावून सांगितलं, जाळी करायला टाक. वेल्डिंगवाला येऊन विहिरीचं माप घेऊन गेला. सुमती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली आणि भांडी जरा जास्तच आवाज करून घासायला लागली.

रविवारी सकाळी दारात स्कूटी थांबली. रेवती. खांद्याला कापडी पिशवी. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, “गुरुजी, शाळा बुडवली?”

“काकू चहा टाकते, बस.”

“आधी सांगा.”

मी सांगितलं. नॉबचं, डब्याचं, सगळं. ती ऐकत गेली आणि तिचे डोळे मोठे होत गेले.

“आणि हे तुम्ही मनातल्या मनात धरून बसलात? पहिल्या दिवशी नॉब इतका पुढं नेला असता तर तुम्ही टेबलावरून उडी मारली असती. कातडीला सवय होते तसा करंट वाढवता येतो. जास्त करंटनं स्नायूचे जास्त धागे जागे होतात. वाढवलाय म्हणजे चांगलं चाललंय, गुरुजी.”

“डॉक्टर आणि पोहायला शिकवणारा, दोघांनाही खोटं बोलायची सवय असते. वाईट हेतू नसतो, पण असते.”

तिनं खांद्यावरची पिशवी काढून हातात घेतली. मग सुमतीला म्हणाली, “काकू, जाळी कधी बसणार?”

“उद्या म्हणतोय रंगराव.”

“मग आज विहीर उघडी आहे,” रेवती म्हणाली आणि तिनं पिशवी पुढं केली. आत सुके कपडे आणि टॉवेल होता. “आपलं ठरलं होतं. तुम्ही शाळा सोडली म्हणून माझी का बुडवता?”

“पाऊल उभं राहिलं तर, असं ठरलं होतं.”

“उजवं उभं आहे ना? तेवढं मला पुरे.”

*

विहिरीवर रंगराव हजर होता. सुमतीनंच निरोप पाठवला असणार. पायऱ्या मी बसत बसत उतरलो, रांगतं पोर उतरतं तसा. रेवती एक पायरी खाली राहून माझा डावा पाय धरून उतरवत होती, रंगराव वरून काखेत हात घालून.

“लगीनघरातलं काचेचं कपाट उतरवल्यागत वाटतंय,” रंगराव म्हणाला.

“हळू, काच आहे,” मी म्हणालो. कितीतरी दिवसांनी मला विनोद सुचला होता.

माझी पायरी आली. कडी हाताला लागली. गार आणि खरखरीत, होती तशीच. भिंतीतले पारवे उडून गेले आणि पुन्हा येऊन बसले. रंगराव पाण्यात उतरला आणि उभ्या उभ्या पाय मारत तरंगत राहिला. मी रेवतीच्या पाठीला डबा बांधला. डाव्या हाताला अजून गाठ मारता येत नव्हती, म्हणून एक टोक मी दातात धरलं.

“पाणी नाही ना घातलं?” ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

“हलवून बघ.”

तिनं पाठ हलवून बघितलं. मग पाण्याकडे बघितलं. एवढी माणसांच्या नसा ओळखणारी मुलगी, आणि पायरीला दोन्ही हातांनी अशी चिकटली, की मला माझ्या पहिलीतल्या पोरांची आठवण झाली.

“खोल आहे?” तिनं विचारलं.

“आहे. पण तुला वरच राहायचंय, खालचं काय करायचंय?”

“गुरुजी, नको.”

“बरं, नको. नुसते पाय बुडव. आता कमरेपर्यंत. रंगराव बाजूला आहे. आता पायरी सोड आणि मला धर.”

मी तिच्याशी बोलत होतो आणि माझं मलाच बरं वाटत होतं. बसायची जागा तीच, आवाज तोच, समोर घाबरलेलं पोर. मी नेहमीसारखा बसलो होतो. उजवा हात कडीत, उजवा पाय पायरीला रेटलेला, डावा पाण्यात सोडलेला. तो पडलेला आहे, हे त्या क्षणी मी विसरलो होतो.

तिनं पायरी सोडली. डब्यानं तिला वर उचललं आणि ती एकदम मागं सरकली. तोंडात पाणी गेलं. दोन्ही हात हवेत फिरले आणि जे सापडलं ते तिनं धरलं. ते माझं डावं पाऊल होतं.

“धर, सोडू नको,” मी म्हणालो. दरवर्षी म्हणायचो तसंच. आणि दरवर्षी करायचो तेच केलं.

तिची बोटं माझ्या चवड्यावरून निसटायला लागली होती. निसटायची थांबली.

रंगराव तिच्याकडे पोचला होता, पण त्यानं हात लावला नाही. तो माझ्या पायाकडे बघत होता. वर सुमती कठड्याला धरून वाकली होती. रेवती खोकत होती, केस तोंडावर, नाकातून पाणी. आणि खोकता खोकता तिचा एक अंगठा माझ्या चवड्यावरून सरकत सरकत नडगीवर गेला आणि तिथं दाबून बसला.

“तीन,” ती खोकत म्हणाली.

“काय?”

“तीन आहेत, गुरुजी. पाचपैकी तीन. थांबा, खाली सोडू नका,” तिनं पाऊल थोडं खाली ओढून बघितलं, “तीनच्या वर आहेत.”

“तू आधी पाय मार,” मी म्हणालो. “पेपर नंतर तपास.”

तिनं पाय मारले. सगळं पाणी आमच्या तोंडावर आलं. रंगराव हसायला लागला आणि तोही पाणी प्यायला.

*

जाळी बसली, पण रंगरावनं तिला दार करून घेतलं. दाराची किल्ली माझ्याकडे दिली. त्या सुट्टीत माझा पाय फार वेळ दम धरायचा नाही, थरथरायला लागायचा. मग पोरंच म्हणायची, “गुरुजी, आता तुम्ही विश्रांती घ्या, आम्ही पायरी धरतो.” जूनपर्यंत रेवती डबा घेऊन विहिरीच्या मध्यापर्यंत जाऊन यायला लागली. मी तिच्या डब्यात पाणी घातलं नाही. शब्द दिला होता. तिला डबा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लागला. लागू दे म्हटलं.

एकदा पायरीवर भाकरी खाताना मी तिला विचारलं, “तुझं ते लग्न मोडलं काय गं? मार्चमध्ये ठरलं होतं ते.”

“कुठलं लग्न?”

“तू खिडकीबाहेर बघत बसायचीस. ‘उचला’ म्हणायचीस आणि बटण दाबायला विसरायचीस. काकू म्हणाली, लग्न ठरलंय.”

ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

“गुरुजी, तुम्ही सगळा वेळ नॉबवर डोळे लावून बसायचात. नॉबला हात लावायची सोय होती का मला? म्हणून मी बटण उशिरा दाबायचे. रोज थोडं थोडं उशिरा. शेवटी शेवटी तर तुमचं पाऊल निघायला लागलं की मग करंट यायचा. तुम्हाला वाटायचं यंत्रच उचलतंय.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही सांगायचात का पोरांना?” ती म्हणाली. “आणि तुम्ही खरंच शाळा सोडल्यावर सांगितलं असतं, तर तुमचा विश्वास बसला असता?”

खिडकीबाहेरचं गुऱ्हाळ माझ्या डोळ्यासमोर आलं. बैलही नव्हता त्याला, इंजिन होतं. त्यात एवढं बघण्यासारखं काय आहे, हा साधा प्रश्न मला पडायला हवा होता.

गेल्या मे महिन्यात रेवती तिच्या मुलीला घेऊन आली. ओवी, दुसरीतून तिसरीत गेलेली, पुढचे दोन दात पडलेले. मी पायरीवर बसलो, कडी धरली, डावं पाऊल पाण्यात उभं केलं. रेवती माझ्या मागच्या पायरीवर येऊन बसली. तिनं पोरीच्या पाठीवरचा डबा काढून घेतला, झाकण उघडून आत डोळा लावला, उलटा केला, कानाशी हलवून पाहिला आणि स्वतःच्या हातानं पुन्हा बांधला.

“आजपासून रोज मी तपासणार,” ती म्हणाली. “पाणी नाही घालायचं हं, गुरुजी.”

“नाही घालणार. तुझ्यासमोर तर आहे डबा.”

ओवीनं माझं पाऊल धरलं आणि पाय मारायला लागली. तिची आई डब्यावर डोळे लावून बसली होती. मी पाऊल ओवीच्या बोटांतून थोडं थोडं मागं घेत होतो.